हायवे 12, आईबाबांना घेऊन येतेय

प्रिय हायवे 12,



पँग्विच गावाच्या थोडं दक्षिणेला 89 नंबरच्या हायवेला तुझा फाटा फुटतो आणि युटाचं ते लाल, गुलाबी, पांढरं रान पार करून तू टॉरी गावात 24 नंबरला मिळतोस. लांबी एकशे चोवीस मैलांच्या आसपास. कुठेही न थांबता गाडी हाकली तर तीन तासांत तू संपतोस. तसं तुला कुणी संपवू नये, यासाठी हे पत्र. लिहितेय तुला, पण वाचावं त्यांनी, ज्यांचे आईवडील येत्या मोसमात सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येणार आहेत आणि ज्यांच्या घरात आत्तापासूनच ‘यांना काय काय दाखवायचं’ याच्या याद्या सुरू झाल्या आहेत.

आमच्याकडेही ती यादी झाली. बाबांचे गुडघे कुरकुरतात. आई चालते भरपूर, पण उंचावरून खाली बघायचं म्हटलं की तिचे हात गार पडतात. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. सप्टेंबरच्या अखेरीस मी त्यांना तुझ्याकडे आणतेय.

‘तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो इथेच.’ हे वाक्य तू किती भाषांत ऐकलं असशील कोण जाणे. मराठीत मी ते पश्चिमेकडच्या जवळजवळ प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकलं आहे. नातवाचं जॅकेट मांडीवर, पाण्याच्या बाटल्या शेजारी, आणि आजी-आजोबा बाकावर. मुलं ट्रेलवर गेलेली. परत आल्यावर मुलं फोनमधले फोटो दाखवतात, आजोबा चष्मा वर करून बघतात आणि मनापासून ‘छान, छान’ म्हणतात. इतका समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी घळई फोनमध्ये बघायची, हे मला सहन होत नाही. आणि दोष त्यांच्या गुडघ्यांचा नाही, आखणीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

नेहमीचा कार्यक्रम बघ. लास वेगास, हूवर धरण, ग्रँड कॅनियन, अँटिलोप, हॉर्सशू बेंड, झायन, जमलं तर ब्राइस, आणि हे सगळं एका जोडून आलेल्या सुटीत. या जागांना मी नावं ठेवत नाही. एकेक जागा जीव ओवाळून टाकावा अशी आहे. पण दिवसाला अडीचशे-तीनशे मैल गाडी चालली की म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतं ते सीटबेल्टमधलं आकडलेलं अंग आणि पेट्रोलपंपावरची स्वच्छतागृहं. आणि प्रत्यक्ष जागेवर पोचल्यावर चालणं असतंच. अँटिलोपच्या खालच्या घळईत तर लोखंडी शिड्या उतरायच्या. म्हणून मी ती यादी खोडली आणि फक्त तुला ठेवलं. इतर कुठलाही रस्ता एवढ्या थोड्या मैलांत, गाडीच्या दारापासून वीस-तीस पावलांवर, इतकं काही उघडून ठेवत नाही. 2002 मध्ये तुला ‘ऑल-अमेरिकन रोड’ हा किताब मिळाला. तो ज्यांनी दिला त्यांनीही बहुधा खिडकीची काच खाली करूनच ठरवलं असेल.

माझा नियम एकच आहे: तुझ्यावर असेपर्यंत दिवसाला साठ-सत्तर मैलांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. बाकी सगळा वेळ थांबण्याचा.

सुरुवातच तू किती देखणी केली आहेस. रेड कॅनियनमध्ये शिरलं की दोन्ही अंगांना विटकरी कडे आणि रस्त्यावरच कातळात कोरून काढलेले दोन छोटे बोगदे. लोक त्यांतून सुसाट निघून जातात, कारण त्यांना पुढचं ‘खरं’ ब्राइस गाठायचं असतं. मी मात्र पहिला चहा इथेच ठरवला आहे. थर्मासमधला, आलं घातलेला. वेगासहून निघाल्यापासून साडेचार-पाच तास झालेले असणार. पाय मोकळे करायला इथे सपाट, डांबरी सायकलमार्ग आहे, त्यावर बाबा काठी टेकत रमतगमत जाऊ शकतील. ज्यांना ट्रेल म्हणजे चढ अशी धास्ती असते, त्यांच्यासाठी पहिला थांबा असाच असावा. माणसाला आधी विश्वास यावा लागतो की आपल्याला जमतंय.

ब्राइसला मात्र मी दोन रात्री ठेवल्या आहेत, आणि त्यावर घरात थोडी वादावादी झाली. भावाचं म्हणणं, पॉइंट बघायला अर्धा दिवस पुष्कळ. पण तिथली उंची तो विसरतो. ब्राइसचा काठ आठ ते नऊ हजार फुटांवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर 5,400 फुटांचं. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षाही कितीतरी वर आपण या माणसांना गाडीतून अलगद नेऊन सोडतो आणि वर म्हणतो, चला, भराभर चला! पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं, हवा कोरडी असल्याने ओठ फुटतात, आणि घाम दिसत नसल्याने पाणी पिण्याची आठवण राहत नाही. रक्तदाब किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पँग्विचमध्ये रुग्णालय आहे, एवढं मी कागदावर लिहून ठेवलं आहे. पहिल्या संध्याकाळी काहीच बघायचं नाही: वरणभात, पाणी आणि झोप. वरणासाठी छोटा कुकर बरोबर घेतेय, कारण त्या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास दाद देत नाही.

दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय सक्तीचा. सप्टेंबरच्या शेवटी तो सव्वासाताच्या सुमारास होतो, त्यामुळे कुणाला पहाटे चारला उठवायला लागत नाही. गंमत अशी की पॉइंटचं नाव सनसेट, पण तिथे जावं सकाळी. ब्राइसचा तो मोठा खोलगट रंगमंच पूर्वेकडे उघडा आहे. सकाळचं ऊन समोरून थेट आत शिरतं आणि सुळके आतून पेटल्यासारखे दिसतात. सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट हा काठाकाठाने जाणारा अर्ध्या मैलाचा रस्ता डांबरी आणि बराचसा सपाट आहे. चाकाची खुर्चीसुद्धा जाते. मध्ये बाकं आहेत. बाबांनी दर बाकावर बसावं, मी घाई करणार नाही. स्वेटर आणि कानटोप्या मात्र हव्यात. त्या वेळी तिथे कडाक्याची थंडी असते.

त्या बाकांवर बसून बघण्यासारखं एवढं आहे की अर्धा दिवस मला कमीच वाटतो. ब्राइसला नाव कॅनियनचं असलं तरी तिथे नदीने कापलेली दरी नाही. वर्षातले जवळजवळ 180 दिवस तिथे दिवसा पाणी वितळतं आणि रात्री गोठतं. फटीत गेलेलं पाणी गोठताना फुगतं, दगड फोडतं. पावसाचं पाणी तो चुरा वाहून नेतं. आधी पठाराची भिंत सुटी होते, मग भिंतीला खिडकी पडते, मग खिडकीचं छत कोसळतं आणि उरतात ते सुळके, ज्यांना तिथे हूडू म्हणतात. दर शतकात काठ काही फूट मागे सरकतो. बाबा सिंचन खात्यात होते. पाण्याने दगड कसा खाल्ला, हे समोर बसून समजून घ्यायला त्यांना सकाळ पुरणार नाही. आणि आईला मी तिथल्या पाययुट लोकांची गोष्ट सांगणार आहे. ते म्हणतात, फार पूर्वी इथे राहणारे लोक वाईट वागले, म्हणून कोयोटीने त्यांना दगड करून टाकलं. अहल्येची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या बाईला त्या सुळक्यांत चेहरे दिसायला किती वेळ लागणार?

आणखी एक गोष्ट बाबांसाठी राखून ठेवली आहे. त्या गुलाबी दगडाचं वय साधारण पाच कोटी वर्षं. तळ्यांच्या आणि पुराच्या गाळाचा झालेला चुनखडक तो, लोखंडाच्या गंजाने रंगलेला. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे ज्या कातळावर बाबा लहानपणी आंबे सुकवायचे, तो या सगळ्या दिमाखापेक्षा वयाने वडील आहे.

पार्कच्या आतला अठरा मैलांचा रस्ता कसा करावा, ते तिथे जाऊन आलेले सगळे सांगतात आणि ते खरंच आहे: आधी थेट शेवटच्या रेनबो पॉइंटला जावं आणि परत येताना थांबत यावं. सगळे पॉइंट पूर्वेला असल्याने परतताना ते उजव्या हाताला येतात, समोरच्या गाड्या चुकवून डावीकडे वळावं लागत नाही. रेनबोजवळच्या योविंपा पॉइंटवरून दक्षिणेला नजर टाकली की पठारं एकाखाली एक पायऱ्यांनी उतरत जातात, थेट ग्रँड कॅनियनच्या दिशेने. ब्राइसच्या तळाचा थर तो झायनचा माथा, आणि झायनच्या तळाचा थर तो ग्रँड कॅनियनचा काठ. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने, जो भूशास्त्रज्ञही होता, या पायऱ्यांची संगती लावली. ग्रँड कॅनियनमधल्या सुळक्यांना विष्णू आणि शिव यांची नावं देणारा तो हाच. ग्रँड कॅनियन यादीतून खोडलं म्हणून हळहळणाऱ्या बाबांना मी या पॉइंटवर उभं करणार आहे. सगळ्यात वरच्या पायरीवरून खालचा जिना बघणं, हेही ग्रँड कॅनियनचंच एक दर्शन आहे.

ब्राइस सोडल्यावर तू ट्रॉपिक आणि कॅननव्हिल या लहानशा गावांतून जातोस. कोडॅक्रोम बेसिनला वळावं की नाही यावर मी बराच विचार केला. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने 1949 मध्ये कोडॅकच्या रंगीत फिल्मवरून त्या जागेचं नाव छापलं, इतके रंग तिथे आहेत. तरी मी ते वगळलं. ब्राइसनंतर लगेच आणखी सुळके नकोत. डोळ्यांनाही पचायला अवधी लागतो. त्याऐवजी पुढे ‘द ब्लूज’ या थांब्यावर जरा उतरायचं. राखाडी-निळसर मातीचे उघडेबोडके डोंगर, गवताचं पातं नाही, आणि त्यांच्या मागे पावेल पॉइंटचा गुलाबी कडा. फोटोत हे उदास दिसतं. प्रत्यक्षात वारा, उन्हाचा वास आणि चहूकडे पसरलेला मोकळेपणा असतो, मुंबईच्या उपनगरात चाळीस वर्षं काढलेल्या माणसांना तो मोठा वाटेल, याची मला खात्री आहे.

एस्कलांटे गावात मुक्काम. गावाला आणि नदीला नाव आहे ते सिल्वेस्त्रे वेलेझ दे एस्कलांटे या फ्रान्सिस्कन पाद्र्याचं, जो 1776 मध्ये या प्रदेशातून वाट शोधत फिरला, पण या नदीपाशी मात्र कधी आलाच नाही. नदी नकाशावर आली ती 1872 मध्ये, आणि अमेरिकेच्या सलग भूभागात नकाशावर चढलेली ती शेवटची नदी मानली जाते. इतका हा मुलूख आडवाटेचा होता. अजूनही आहे. मैलोन् मैल फोनला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यायचे, दिसेल त्या पंपावर टाकी भरायची, आणि रविवारी या मॉर्मन पंथीयांच्या गावांत बरीच दुकानं बंद असतात हे धरून दूध-दही शनिवारीच घ्यायचं. शाकाहारी जेवणाची मदार स्वतःच्या डब्यावर ठेवावी. मेतकूट, तूप, पोहे, भाजणी एवढं असलं की आई परमुलखातही निर्धास्त असते.

आता तुझ्या त्या तुकड्याबद्दल, ज्याच्यासाठी मी सगळा बेत रचला. एस्कलांटेहून बोल्डर, अवघे अठ्ठावीस मैल. हेड ऑफ द रॉक्स नावाच्या थांब्यावर गाडी उभी केली की जमीन एकदम संपते आणि समोर पांढरट-पिवळसर गोलाई असलेला उघडा खडक पसरतो, क्षितिजापर्यंत. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. वारा जसा त्या वाळूला सरकवत गेला, तशाच तिरप्या रेघा आजही त्या खडकात दिसतात. आणि त्या खडकातून वळसे घेत उतरणारा तू. इथे रेलिंगपाशी जायची गरजसुद्धा नाही. आई गाडीच्या बॉनेटला टेकून बघू शकेल.

बाबांना रस्त्याचं कुतूहल सगळ्यात जास्त. रस्ता कुणी केला, किती वर्षं लागली, हे ते आंबोली घाटातही विचारत. त्यांच्यासाठी उत्तर तयार आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत बेकारीने कहर केला होता, तेव्हा 1933 मध्ये रूझवेल्ट सरकारने सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर सुरू केलं. अठरा-वीस वर्षांची पोरं रानात तळ ठोकून झाडं लावत, पूल बांधत, रस्ते फोडत. महिन्याला 30 डॉलर पगार, आणि त्यातले 25 परस्पर घरी धाडले जात. याच पोरांनी त्याच साली उत्तरेकडच्या डोंगरातून हेल्स बॅकबोनचा पूल बांधला आणि पुढे खालचा हा रस्ताही कातळ फोडून काढला. तोवर बोल्डर गावाला खेचरांच्या पाठीवरून टपाल जायचं. अमेरिकेत असं टपाल सगळ्यात शेवटपर्यंत जिथे चाललं त्या गावांत बोल्डरची गणना होते. 1940च्या सुमारास कुठे तिथे बारमाही मोटार पोचू लागली. माझे आजोबा गिरणीत होते आणि गावाकडे मनीऑर्डर यायची तेव्हाच घरात तेल-मीठ येई, हे बाबांनी आम्हाला कितीदा सांगितलं आहे. त्या 25 डॉलरांचं मोल त्यांना कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच मला वाटतं, तुझ्यावरून जाताना दगडांबरोबर ही माणसंही दिसली पाहिजेत. नाहीतर सगळा देखावा जणू आपोआप उघडला असं वाटतं.

याच तुकड्यात एस्कलांटे नदी ओलांडली, काफ क्रीक मागे पडलं की येतो हॉगबॅक. डोंगराची धार, तिच्या माथ्यावर तू, आणि दोन्हीकडे थेट दरी. कठडेही बहुतेक ठिकाणी नाहीत. आपल्या घाटात निदान एका बाजूला डोंगर असतो, आईला तेवढा आधार पुरतो. इथे तोही नाही. म्हणून मी तिला आधीच सांगितलं आहे: मागच्या सीटवर मध्ये बस, डोळे मिटलेस तरी चालेल, हा टप्पा अगदी थोडा आहे. गाडी मी चालवणार, दिवसाउजेडी, हळू. मागे कुणी चिकटलं तर जागा मिळताच बाजूला घेऊन त्याला जाऊ देणार. कातरवेळी इथे गाडी चालवायचीच नाही, कारण हरणं आणि मोकळी सोडलेली गुरं रस्त्यावर येतात.

काफ क्रीकच्या खालच्या धबधब्याला मी हात जोडले. 126 फुटांचा आहे, सुंदर आहे, पण वाळूतून जाऊन-येऊन सहा मैल. त्याऐवजी बोल्डरमधून फुटणारा बर ट्रेल घेणार. नावात ट्रेल असला तरी तो मोटारीचा रस्ता आहे आणि सुरुवातीचे तीसेक मैल चांगला डांबरी आहे. दहा-अकरा मैलांवर लाँग कॅनियन लागतं. दोन्ही बाजूंना लालबुंद उभ्या भिंती आणि मधून रस्ता. तिथेच रस्त्यालगत एक चिंचोळी फट आहे, तिला लोक सिंगिंग कॅनियन म्हणतात. पार्किंगपासून थोडीशीच पावलं, वाळूची सपाट जमीन, वर आभाळाची पट्टी. अँटिलोपच्या शिड्यांवाचून घळईच्या पोटात शिरायची हीच सोपी जागा. तिथे आवाज असा घुमतो की गाणारे मुद्दाम येतात. आई चाळीस वर्षं भजनी मंडळात गातेय. तिला मी काही सांगणार नाही, फक्त आत घेऊन जाणार. एक अट मात्र कडक: आभाळ दाटून आलेलं दिसलं, अगदी दूरवर जरी, तरी आत जायचं नाही. अशा फटींत पाणी दूरच्या पावसाचं येतं आणि क्षणात येतं. जुलै ते सप्टेंबर हा तिथला वळिवाचा काळ. शेवटच्या आठवड्यात तो ओसरत आलेला असतो, तरी सकाळी हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय निघणार नाही.

बोल्डरमध्येच एक लहानसं संग्रहालय आहे, सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांच्या वस्तीवर उभं. दगडी खोल्यांचे पाये, धान्य साठवायच्या जागा, मडकी. तासभर पुरे, पण तो तासभर हवाच. घळयांच्या या मुलखात मॉर्मन वसाहतवाले येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं मका पेरत होती, हे आईबाबांना कळल्याशिवाय त्यांना हा प्रदेश कळला असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर तू बोल्डर डोंगर चढतोस, 9,600 फुटांपर्यंत. तुझा हा भाग सगळ्यात शेवटी, 1985 साली डांबरी झाला. वाळवंटातून आलेल्या माणसाला इथे अचानक अ‍ॅस्पेनची रानं भेटतात, आणि सप्टेंबरच्या अखेरीस ती पिवळी धमक झालेली असतात. मी तारखा याच रानांसाठी धरल्या. मे महिन्यात इथे बर्फ असू शकतं, जुलैत खाली उन्हाचा कहर. होमस्टेड आणि लार्ब हॉलो हे दोन थांबे पार्किंगलाच लागून आहेत. खाली वॉटरपॉकेट फोल्ड दिसतो: जवळजवळ शंभर मैल लांब, जमिनीला पडलेली वळी, ओढताना सतरंजीला पडावी तशी. त्याच्या पलीकडे हेन्री पर्वत, सलग अमेरिकेत सगळ्यात शेवटी नकाशावर आलेली पर्वतरांग. इथे मी दुपारचं जेवण ठरवलं आहे. दशम्या, लसणाची चटणी, आणि बसायला घडीच्या खुर्च्या, पाठ असलेल्या. या खुर्च्यांवर मी ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा जास्त पैसे खर्च केले आणि तो या प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे.

टॉरीला तू संपतोस, पण अकरा मैल पुढे कॅपिटॉल रीफमधलं फ्रूटा आहे आणि त्याच्याशिवाय मी परत फिरणार नाही. 1880च्या दशकात मॉर्मन कुटुंबांनी फ्रीमाँट नदीच्या काठी, लाल कड्यांच्या पायथ्याशी फळबागा लावल्या. शेवटचे रहिवासी 1969 मध्ये गेले. बागा आज पार्क सांभाळतं. दोन हजारांच्या आसपास झाडं: चेरी, जर्दाळू, पीच, पेर, सफरचंद. बाग तोडणीसाठी खुली असली की आत शिरून झाडाचं फळ तिथेच खाल्लं तर पैसे नाहीत, बरोबर न्यायचं तर वजन करून पैसे ठेवायचे. आमच्या तारखांना सफरचंदं असतील. तिथल्या गिफर्ड हाउसमध्ये फळांचे ‘पाय’ मिळतात, पण बाबा झाडाखालीच रमतील हे मला ठाऊक आहे.

तिथून जवळच हायवे 24 च्या कडेला लाकडी फलाटावरून फ्रीमाँट या प्राचीन लोकांनी कड्यावर कोरलेली चित्रं दिसतात. त्रिकोणी-चौकोनी अंगाची, डोक्यावर मुकुट असलेली माणसं, आणि मोठ्या शिंगांच्या मेंढ्या. फलाट सपाट आहे, उतरण नाही. राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पं बाबांनी वाकून, पायाखाली बघितलेली आहेत. ही समोर, उभ्या भिंतीवर आहेत. मान दुखू नये म्हणून छोटी दुर्बीण घेतली आहे.

भावाने विचारलं, एवढ्या दिवसांत फक्त एक रस्ता? मी हो म्हटलं. जे परत परत येऊ शकतात त्यांनी पाच पार्क एका दमात करावेत. आईबाबांना बहुधा पुन्हा इकडे यायचं होणार नाही, आणि म्हणूनच त्यांना थोडंच, पण पुरतं दाखवायचं आहे. पार्किंगच्या बाकावर या वेळी कुणी मागे राहणार नाही. जिथे बाबा पोचू शकत नाहीत ती जागा यादीतच नाही.

एवढ्यावर आखणी थांबवली आहे. फ्रूटाच्या दिवशी घड्याळ बघायचं नाही असं ठरलंय. टॉरीहून सॉल्ट लेक सिटी साडेतीन तासांवर आहे आणि विमान मुद्दाम दुसऱ्या दिवशी दुपारचं घेतलं आहे, त्यामुळे आईला सफरचंदं निवडायला हवा तेवढा वेळ आहे. एक खोका पिशव्यांसह रिकामा आणतेय.



तुझ्याकडे यायला निघालेली,
एक मुलगी